दोनशे घरांची चिठ्ठी

“यातली दोनशे घरं काढ. कुठलीही.” आमच्या ताई एवढंच म्हणाल्या आणि जीपमध्ये जाऊन बसल्या.

मी अकोले तालुक्यातल्या एका छोट्या संस्थेत काम करते. माझं पद कागदावर एमआयएस असं आहे. म्हणजे एक्सेल उघडायची वेळ आली की सगळे माझ्याकडे बघतात. दोन वर्षांपूर्वी संस्थेने बचत गटांमार्फत निर्धूर चुली वाटल्या होत्या, एकूण ३,२६४. पैसे देणाऱ्यांना आता कळायला हवं होतं की त्यातल्या किती पेटतात. घरोघर जाणं शक्य नव्हतं. माणसं चार, जीप एक, पाऊस सहा आठवड्यांवर. म्हणून दोनशे घरांचा नमुना.

फाइल पाहिली आणि पहिला अर्धा दिवस तिथेच गेला. गावाचं नाव मोठ्या मर्ज केलेल्या सेलमध्ये एकदाच, खाली सगळं कोरं. प्रत्येक गटानंतर एक रिकामी ओळ, कोणाला तरी ते छान दिसलं असावं. छापायच्या यादीला हे शोभतं, पण त्यातून ओळ उचलायची म्हटली की ती कुठल्या गावची हे तिलाच माहीत नसतं. मर्ज सोडवले, एफ-फाइव्ह दाबून ‘स्पेशल’मधून ‘ब्लँक्स’ निवडले, बरोबरचं चिन्ह, वरचा बाण, कंट्रोल-एंटर. रिकाम्या सेलमध्ये वरच्या गावाचं नाव उतरलं. मग ते सगळं व्हॅल्यू म्हणून चिकटवलं आणि कोऱ्या ओळी उडवल्या.

‘रिमूव्ह डुप्लिकेट्स’चं बटण मात्र दाबता दाबता राहिले. एका गावात नाव, नवऱ्याचं नाव आणि आडनाव तिन्ही सारखं असलेल्या सात ओळी होत्या. फील्डवरच्या दादांना विचारलं तर म्हणाले, सातही वेगळ्या बायका आहेत, सातही घरं वेगळी आहेत, आणि त्यातल्या दोघी तर बोलत नाहीत एकमेकींशी.

आता ‘कुठलीही’ दोनशे. मी आधी जे केलं ते कोणीही केलं असतं. माउसचं चाक फिरवायचं, थांबायचं, एक ओळ पिवळी करायची, परत फिरवायचं. तासाभरात दोनशे पिवळ्या ओळी झाल्या. पाहायला छान होत्या, अंगणात शेणसडा टाकल्यासारख्या सगळीकडे सारख्या पसरलेल्या.

आमच्याकडे हिशेब बघणारे काका आहेत. निवृत्तीआधी ते कृषी खात्यात होते. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, “लागोपाठच्या ओळी किती आल्यात?”

एकही नव्हती.

“मग हे रँडम नाही. तू रांगोळी काढलीस.”

हिशेब त्यांनी पाकिटावर करून दाखवला. सोळा ओळींमागे साधारण एक निवडली जाते. म्हणजे निवडलेल्या कुठल्याही ओळीच्या खालचीही निवडली जाण्याची शक्यता सोळात एक. दोनशे भागिले सोळा, बाराच्या आसपास. खरोखर नशिबाने निघाली असती तर डझनभर जोड्या शेजारी-शेजारी दिसल्या असत्या. माझं बोट मात्र एक ओळ पिवळी केली की आपोआप लांब पळत होतं. मग मी गावं मोजली. राजूरच्या रस्त्यावरची, म्हणजे जिथं मी स्वतः गेलेय, चहा प्यायलेय, ती गावं वाट्यापेक्षा कितीतरी जास्त आली होती. वरच्या वाड्यांमधली नावं वाचताना चाक बहुधा जोरात फिरत असणार.

दुसरा उपाय शहाणपणाचा वाटला. दर सोळावी ओळ घ्यायची. ३,२६४ भागिले १६ म्हणजे २०४, जवळपास हवं तेवढं. पहिल्या ओळीपासून सुरुवात केली, यादी तयार झाली आणि ‘पद’ या रकान्यात अध्यक्ष, अध्यक्ष, अध्यक्ष दिसायला लागलं. मोजले तर २०४ पैकी ६८ जणी गटाच्या अध्यक्ष. पण गट आहेत २७२, म्हणजे बारा बायकांमागे एक अध्यक्ष. २०४ मध्ये १७ यायला हव्या होत्या.

गोम फॉर्ममध्ये होती. वाटपाच्या वेळी छापलेल्या फॉर्मवर बाराच ओळी होत्या, म्हणून चुलींसाठी सगळे गट बारा-बाराचेच केले गेले. पहिल्या ओळीवर अध्यक्ष, दुसऱ्या ओळीवर सचिव. बाराच्या गटांवरून सोळाच्या ढांगा टाकत गेलं की पाय पडतो तो फक्त पहिल्या, पाचव्या आणि नवव्या जागेवर. चौथी, सातवी, अकरावी बाई कधीच येत नाही. दुसऱ्या ओळीपासून सुरुवात केली असती तर अध्यक्ष एकही नाही आणि सचिव ६८. आता ज्या बाईच्या ओसरीवर गटाची मीटिंग भरते, तिची चूल चालू असण्याची शक्यता जास्त, नसली तरी आम्ही येणार म्हटल्यावर ती पुसून ठेवली जाण्याची शक्यता त्याहून जास्त. या यादीने अहवाल फार गोड आला असता आणि आम्हाला कारणही कळलं नसतं. काका म्हणाले, सतराच्या ढांगा टाकल्या असत्या तर भागलं असतं, बारा आणि सतरा या दोघांनाही भागणारा एकाशिवाय दुसरा आकडा नाही. पण माझा त्या पद्धतीवरचा विश्वासच उडाला होता. यादीत असा अजून कुठला ठेका लपलाय ते कोण शोधत बसणार?

म्हणून यंत्राकडे वळले. एक्सेलच्या ‘रँडबिटवीन’ या सूत्राला सांगितलं, २ ते ३२६५ मधला एक आकडा दे (पहिली ओळ रकान्यांच्या नावांची), आणि ते सूत्र दोनशे ओळी खाली ओढलं. सहा आकडे दोनदा आले. मला वाटलं सूत्र चुकलं. सूत्र बरोबर होतं, त्याला आधी काय दिलं हे आठवतच नाही. दर वेळी पिशवीतून चिठ्ठी काढायची, वाचायची आणि परत पिशवीत टाकायची, तसं ते चालतं. २३ जणांच्या वर्गात दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी निघण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते, तोच हा प्रकार. सहा आकडे हाताने बदलू म्हणून एका सेलमध्ये नवा आकडा लिहिला, एंटर मारला आणि डोळ्यांदेखत बाकीचे सगळे आकडे बदलले. मी बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले.

खरा मार्ग उलटा आहे. आकडे काढून ओळी शोधायच्या नाहीत, प्रत्येक ओळीलाच एक आकडा द्यायचा. शेजारी ‘रँड’चा रकाना, प्रत्येक बाईसमोर शून्य आणि एकच्या मधला एक दशांश आकडा. त्यावर सॉर्ट करायचं आणि वरच्या दोनशे घ्यायच्या. ओळ एकदाच असते, त्यामुळे कोणी दोनदा येत नाही.

केलं. यादी छापली. भेटीची वेळ ठरवायला फोन लावायला बसले. पहिला फोन लागला नाही. दुसऱ्यावर एक पुरुष म्हणाला, या नावाची कोणी नाही. तिसरीही रॉंग नंबर. चौथी बाई भली होती. ती म्हणाली, “ताई, मी चूल घेतलीय खरी, पण माझं नाव हे नाही आन् तुम्ही म्हणता त्या गटात मी नाही.”

पोटात गोळा आला. गटाचं नाव आणि मोबाइल यांच्या मध्ये एक चिंचोळा रिकामा रकाना होता, मर्ज सोडवल्यावर उरलेला. एक्सेल सॉर्ट करताना आपणहून पसरतं ते रिकाम्या रकान्यापर्यंतच. डावीकडची नावं, पदं, गट फिरले होते. उजवीकडची गावं आणि मोबाइल जागच्या जागी बसून होते. ३,२६४ बायकांना मी दुसऱ्याचा फोन आणि बहुतेकींना दुसरं गाव देऊन टाकलं होतं. वर फाइल सेव्ह करून बंदही केली होती, म्हणजे कंट्रोल-झेडचा रस्ताही गेला. नशीब, मूळ फाइल ताईंच्या मेलमध्ये होती. मर्ज सोडवण्यापासून सगळं पुन्हा. या वेळी आधी रिकामा रकाना उडवला, मग अगदी डावीकडे १ ते ३२६४ अनुक्रमांक घातले, सूत्राने नव्हे तर टाइप केलेले. ‘रो’चं सूत्र टाकलं तर सॉर्टनंतर ते नव्या जागेचा नंबर दाखवतं, मग उपयोग काय? टाइप केलेला नंबर ओळीबरोबर फिरतो, आणि कितीही उलटापालट झाली तरी त्यावर सॉर्ट केलं की यादी मूळ क्रमाने उभी राहते.

आता जे सांगणार आहे ते मी ताईंना बऱ्याच उशिरा सांगितलं.

पुन्हा सॉर्टची भीती वाटत होती, म्हणून मी दुसऱ्या शीटवर ‘स्मॉल’, ‘मॅच’ आणि ‘इंडेक्स’ जोडून अशी सोय केली की ज्यांचे रँड आकडे सर्वांत लहान त्या दोनशे जणी आपोआप तिथं येतील. मूळ यादीला हातच लावायचा नाही. सूत्र चाललं. पण रँड हे सूत्र जिवंत असतं. फाइल उघडा, कुठेही काही टाइप करा किंवा नुसतं एफ-नाइन दाबा, आकडे बदलतात आणि दोनशे नावं नवी येतात. वरच्या पठारावर तीन वाड्या आहेत, जीप जिथं थांबते तिथून पुढे दीड तास चढ. तिघींत मिळून १५० घरं. हिशेबाने दोनशेत नऊ-दहा यायला हवीत. पहिल्या यादीत ११ आली. मी नुसतं बघू म्हणून एफ-नाइन दाबलं. आठ. परत दाबलं. दहा. परत. सातव्या वेळेला चार आली आणि माझ्या तोंडून “हां” निघालं.

काका मागे उभे होते. रागावले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि पीक कापणी प्रयोगाचं सांगायला लागले. तालुक्यात एकरी किती पिकलं हे ठरवायला सगळं शेत कापत नाहीत. गाव चिठ्ठीने, गावातलं शेत चिठ्ठीने, आणि शेतात कापायचा १० मीटर बाय ५ मीटरचा तुकडासुद्धा चिठ्ठीनेच. नैर्ऋत्य कोपऱ्यात उभं राहायचं, तक्त्यातले दोन आकडे घ्यायचे, एवढी पावलं लांबीत, एवढी रुंदीत, आणि तिथं खुंटी. काकांकडे त्या आकड्यांच्या तक्त्याची झेरॉक्स असायची, घडीवर फाटलेली. असे छापील तक्ते जुने आहेत. १९२७ साली टिपेट नावाच्या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने ४१,६०० अंकांचा तक्ता छापला, त्याआधी लोक पत्ते पिसायचे नाहीतर डब्यात चिठ्ठ्या घालून हलवायचे.

“खुंटी दगडावर आली, गवतात आली, शेतकऱ्याने मिनतवाऱ्या केल्या, तरी हलवायची नाही. विमा हवा असला तर तो म्हणायचा साहेब, तिकडच्या कोपऱ्यात घ्या, तिथं करपलंय. आम्हालाही उन्हात आत शिरायचा कंटाळा यायचा, बांधाच्या कडेला सोपं. पण काठी एकदाच रोवायची.”

मग त्यांनी सुखात्म्यांची गोष्ट सांगितली. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. देशात पीक कापणीची ही पद्धत बसवण्यात त्यांचा मोठा वाटा. १९४० च्या दशकात त्यांचा आणि दुसरे मोठे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांचा वाद झाला तो कापायच्या तुकड्याच्या आकारावरून. महालनोबिसांचे लोक छोटे तुकडे कापत, काम लवकर होतं. सुखात्म्यांनी आकडे मांडून दाखवलं की छोट्या तुकड्यातून उत्पन्न फुगून येतं. कारण दोरीच्या रेषेवर उभं असलेलं रोप आत की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणारा ते आत घेतो. लबाडी नसते त्यात. हाताचा कलच तसा. तुकडा जेवढा लहान, तेवढी त्याच्या मानाने कड जास्त, तेवढी अशी रोपं जास्त.

मी एफ-नाइनवरचं बोट काढलं. चारवाली यादी टाकून दिली. काकांसमोर रँडचा रकाना निवडला, कॉपी, पेस्ट स्पेशल, व्हॅल्यूज. सूत्र गेलं, आकडे गोठले. वाड्यांची घरं आली १३.

(नवीन एक्सेल ज्यांच्याकडे आहे त्यांना ‘सॉर्टबाय’ आणि ‘रँडअ‍ॅरे’ने हे एका ओळीत जमतं, गूगल शीट्समध्ये डेटाच्या मेनूत ‘रँडमाइझ रेंज’ आहे. आमच्या ऑफिसचं एक्सेल २०१३ चं. पण कशानेही करा, सूत्राने केलं असेल तर गोठवणं आलंच.)

संध्याकाळी ताई आल्या, यादी गावनिहाय पाहिली आणि म्हणाल्या, “ही चोवीस घरांची ठाकरवाडी कुठाय?” नव्हती. तिच्या वाट्याला दीड घर येतं, त्यामुळे शून्य येण्यात नवल काही नाही, चार-पाच वेळा काढलं तर सरासरी एकदा शून्य येतंच. पण ताईंना ती हवी होती, कारण तिथल्या चुलींचं माप वेगळं होतं आणि तक्रारीही तिथूनच होत्या. मला मात्र घाम फुटला. परत काढायची? मग एफ-नाइन आणि यात फरक काय?

यावर आमचं बरंच झालं. शेवटी ताई म्हणाल्या, नियम बदलायचा तर आत्ता, एकाही घरी जाण्याआधी, आणि का बदलला ते लिहून ठेवून. त्यानंतर एकदाच काढायचं, जे येईल ते येईल. मला हे पुरतं पटलं होतं असं नाही, पण कागदावर तारीख टाकून तिघांनी सह्या केल्या.

नवा नियम असा की ३१ गावं-वाड्या वेगळ्या धरायच्या, प्रत्येकीतून घरांच्या प्रमाणात, पण कुठूनही चारपेक्षा कमी नाही. एकूण आकडा २१४ वर गेला. आधी गावावर आणि गावाच्या आत नव्या गोठवलेल्या रँडवर सॉर्ट, मग ‘काउंटइफ’ने प्रत्येक गावात १, २, ३ असे नंबर. ज्या गावाचा वाटा नऊ, त्यातल्या पहिल्या नऊ. दहावीपासून पुढच्या राखीव, त्याच क्रमाने. आणि हिशेब करताना वजन द्यायचं. ठाकरवाडीतलं एक घर सहा घरांच्या वतीने बोलणार, मोठ्या गावातलं साधारण सोळांच्या. नाहीतर छोटी वाडी अहवालात तिच्या आकारापेक्षा मोठी झाली असती.

सोडतीआधी काकांनी एफ-नाइनचं बटण पेनाच्या टोपणाने झाकलं. थट्टाच होती, पण मी ते टोपण काढलं नाही.

फील्डवर काय झालं त्याचा वेगळा अहवाल आहे. इथं दोनच घरं सांगते.

अनुक्रमांक १,१८७. पठारावरची वाडी, दीड तास चढून गेलो तर दाराला कुलूप. नवरा-बायको नारायणगावकडे मजुरीला. शेजारीण ओट्यावरूनच म्हणाली, “माझ्याकंही हाय की चूल, माझं लिव्हा, तेवढाच तुमचा हेलपाटा वाचंल.” तिची चूल चकाचक, चहाचं आधण तिच्यावरच होतं. घसा सुकलेला, खाली उतरायचं होतं आणि फॉर्मवर नाव तेवढं बदलायचं. नियमाप्रमाणे तीन खेपा, मगच राखीव यादीतली पुढची. चहा प्यायलो, फॉर्मवर ‘कुलूप, पहिली खेप’ लिहिलं. तिसऱ्या खेपेला त्या घरची बाई भेटली, लेकराला ताप म्हणून लवकर परतलेली. तिची चूल पडवीत होती, आत गवत घातलेलं आणि त्यात कोंबडी अंड्यांवर. जेवण तीन दगडांवरच. धूर नकोसा खरा, पण पावसाळ्यात वरची लाकडं त्याच धुरावर सुकतात आणि छपराला कीड लागत नाही, हे तिने सांगितलं. शेजारणीच्या घरातून हे कळलं नसतं.

दुसरं घर ठाकरवाडीतलं. म्हातारीने बसायला पोतं टाकलं आणि पहिला प्रश्न तिचाच. “वाडीत चोवीस घरं हायेत. माझंच नाव कोणी दिलं?”

कोणी दिलं नाही, कॉम्प्युटरने काढलं, म्हटल्यावर तिचा चेहरा आणखीच बंद झाला. मग मला त्यांची भिशी आठवली. “आजी, महिन्याला भिशीची चिठ्ठी काढता ना डब्यातून? तशीच सगळ्या बायकांची नावं डब्यात घातली होती. तुमचं निघालं.”

“पोराच्या हातनं काढली?”

“मशीनच्या.”

तिने थोडा विचार केला. “भिशीत चिठ्ठी निघाली की पैसं मिळत्यात. मला काय?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती हसली, चुलीकडे हात केला आणि म्हणाली, बघ बाई काय बघायचंय ते.